ड्रुसिलाने उखडलेला रॅम्प

ड्रुसिला स्टकलेस वाकडा खिळा ठोकून सरळ करून परत वापरत नाही. डब्यात टाकते आणि नवा घेते. एकदा वाकलेला खिळा पुन्हा वाकतोच, आणि तेव्हा त्या फळीवर कुणीतरी उभं असतं, असं तिचं म्हणणं. मी खाणीत खडकाला भोकं पाडण्यात आयुष्य काढलं. अंगचोर माणूस मला लांबून ओळखू येतो. ड्रुसिलाबरोबर बरीच वर्षं काम केलं, तिने कधी अंग चोरलेलं बघितलं नाही. फक्त एकदा सोपी वाट धरली. ती किती महाग पडली ते सांगतो.

आमच्या खाडीकाठच्या गावात मासळीचा कारखाना होता. ड्रुसिला तिथे कॉड मासे कापायची. समुद्रातला कॉड संपत आला, सरकारने मासेमारी बंद केली आणि कारखान्याला कुलूप लागलं. काम गेलेल्या लोकांना सरकारने नवी कामं शिकवायला घेतली. बायकांसाठी केस कापणं आणि टायपिंग. ड्रुसिलाने सुतारकाम मागितलं.

खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, "बाई, तिथे सगळे पुरुष असतात."

"कारखान्यातही होते. माझ्या हातात सुरी असायची. कुणी तक्रार केली नाही."

शिकली. नोकरी मात्र कुणी दिली नाही. तोवर तरणी पोरं कामासाठी समुद्रापलीकडे पांगली होती. गावात म्हातारे उरले. त्यांत तिची आई. घरातलं सगळं करायची, पण गुडघे गेले आणि दाराच्या पायऱ्या उतरता येईनात. ड्रुसिला तेव्हा आजारी नवऱ्यापाशी शहरातल्या इस्पितळात अडकलेली. आईला वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं, आणि बर्फ वितळायच्या आत ती तिथेच गेली. ड्रुसिला गावी परतली ती नवऱ्याला पुरून. पहिलं काम काय केलं असेल, तर त्या पायऱ्या करवतीने कापून काढल्या आणि तिथे रॅम्प बांधला. चढायला-उतरायला घरात कुणी नव्हतं, तरी बांधला.

शेजारची म्हातारी कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "माझ्याकडे कधी येतेस?"

तिथून सुरुवात झाली. टोळी म्हणजे ड्रुसिला, मी आणि गार्लंड. गार्लंड फेरीबोटीवर स्वयंपाकी होता. भांडी केव्हाच ठेवली, तोंड अजून चालू आहे. आम्ही तिघंही सत्तरीच्या आसपासचे, आणि काम करायचो ऐंशी-नव्वदीतल्यांसाठी. मजुरी घेत नाही. लाकूड येतं ते चर्चमध्ये शनिवारी विकलेल्या वाटाण्याच्या सुपाच्या पैशांतून. ड्रुसिलाचा नियम एकच. दार फूटभर उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब. त्यात ती बोटभरही सूट देत नाही, जागा नसली तरी.

एझराया पार्डी यांना सगळं गाव काका म्हणतं. त्या वर्षी मधुमेहाने त्यांचा एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला. नोव्हेंबरात इस्पितळाने त्यांना घरी सोडायचं ठरवलं, पण अटीवर. घरी आल्यावर आठवड्याभराने, गुरुवारी, नर्स येऊन बघणार. काका स्वतःच्या हाताने चाकाची खुर्ची हाकत घराबाहेर पडून परत आत येऊ शकले तर घरी राहतील. नाहीतर वृद्धाश्रमात एक खाट राखून ठेवली होती. तोच वृद्धाश्रम, ड्रुसिलाच्या आईचा.

आता आमच्याकडची घरं अशी: शिरायचं ते मागून, स्वयंपाकघराच्या दाराने, आणि ठोठावायचं नाही. पुढे एक दार असतं, पण त्याला पायऱ्या नसतात. कमरेएवढ्या उंचीवर ते भिंतीत नुसतं असतं. शवपेटी न्यायची असते तेव्हा ते उघडतं. त्या दिवशी खाली फळ्या टेकवायच्या, काम झालं की काढून टाकायच्या. एरवी तिथे कुणी ठोठावलं तर समजायचं, परका माणूस आहे.

काकांच्या स्वयंपाकघराच्या दारापुढे खडक आहे. उंचसखल, निसरडा, अर्ध्यात चिरलेला. घराच्या पुढे मात्र सपाट गवत. ड्रुसिला घराभोवती एक चक्कर मारून आली.

"पुढून बांधू."

गार्लंड म्हणाला, "ड्रूस, ते पुढचं दार आहे."

"दिसतंय मला. माणूस बाहेर पडला म्हणजे झालं."

बांधला. काम चोख होतं. मी स्वतः पाणसळ ठेवून बघितली. काका यायच्या आदल्या दिवशी कठडाही लागला.

गार्लंडने त्यांना आपल्या ट्रकमधून आणलं, खुर्चीत बसवलं आणि पुढच्या बाजूला आणलं. काकांनी रॅम्पकडे बघितलं.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, काका," ड्रुसिला म्हणाली.

"माझे आईवडील या दारातून गेले. माझी बायको एफी गेली. मीही जाईन, पण तेव्हा मला चाकं लागणार नाहीत, लोक उचलतील. पोरी, तुला एवढी घाई झालीय का?"

"डोळे मिटून घ्या काका," गार्लंड म्हणाला. "मी ढकलतो. कळणारसुद्धा नाही."

"डोळे मिटूनच नेतात तिथून, गार्लंड. मागे ने मला."

शेजारून दोन माणसं बोलावली आणि खुर्चीसकट उचलून खडकावरून स्वयंपाकघरात नेलं. आत गेल्या गेल्या काकांनी स्वतः किटली चढवली. एका पायावर उभं राहून, ओट्याला टेकून.

ड्रुसिला आत आली नाही. मी बाहेर गेलो तर ती रॅम्पवर बसली होती.

"म्हातारा हट्टी आहे," मी म्हणालो. "दोन दिवसांत येईल ताळ्यावर."

"आणि नाही आला तर? नर्स येणार, रॅम्प चांगला म्हणणार, आणि काका स्वयंपाकघरात बसलेले असणार. मग त्यांची रवानगी कुठे?" तिने हातमोजे घातले. "हे दार कशाचं आहे ते मला ठाऊक नव्हतं का, हेडली? मागचा खडक बघितला आणि कंबर दुखायच्या आधीच दुखली. पहार दे इकडे."

"अगं, कालच कठडा लावलाय."

"म्हणून तर खिळे अजून गंजलेले नाहीत. दे."

पहिली फळी तिनेच उखडली. दुपारपर्यंत गवतावर फळ्यांची चळत उभी राहिली. फळ्या आम्ही परत वापरल्या. खिळे डब्यात गेले.

मागच्या बाजूचं काम म्हणजे शिक्षा होती. सरळ जायला जागा नाही, म्हणून रॅम्पला वळण द्यावं लागलं. वळणावर ड्रुसिलाने सपाट चौथरा ठेवला, खुर्ची थांबवून दम खाता येईल एवढा. प्रत्येक खांबासाठी खडकात भोक पाडून लोखंडी गज बसवायचा. ते काम माझं. समुद्रावरून गारठलेला पाऊस आडवा येत होता. हात इतके बधिर की ड्रिल बंद केलं तरी थरथर थांबायची नाही.

"देवाने हा खडक इथे ठेवला तो काहीतरी विचार करूनच," गार्लंड म्हणाला.

"त्याला व्हीलचेअर लागली नसेल," ड्रुसिला म्हणाली. "तो वासा धर."

काका दिवसभर खिडकीत. काच वर करून बोलायचे.

"हेडली, खाणीत असंच काम करायचास? उगाच नाही बंद पडली ती."

"काका, खिडकी लावा, थंडी वाजेल."

"मी आत आहे. थंडी तुला वाजतेय."

दुपारी मात्र काकवीचा पाव आणि डब्यातल्या दुधाचा दाट चहा खिडकीतून बाहेर यायचा.

वळणावरचा खांब नडला. गज नेमका खडकाच्या चिरेत गेला होता. ड्रुसिलाने खांब दोन्ही हातांनी हलवला. किंचित हलला.

"एवढं चालतं," गार्लंड म्हणाला.

"तुला चालतं. तू त्याला धरून खुर्ची वळवणार नाहीस."

मी गज काढला, वीतभर बाजूला नवं भोक पाडलं. त्यात अख्खी सकाळ गेली. ड्रुसिलाने परत हलवून बघितला. मग मान डोलावली. तिच्याकडून एवढंच मिळतं.

बुधवारी दुपारी शेवटची फळी बसली. काका बाहेर आले. उतरले झकास. चढताना चौथऱ्यापर्यंत आले, आणि त्यापुढे हात भरून आले. चाकं मागे सरायला लागली. गार्लंड धावला.

"हात लावू नको!" काका ओरडले. पण लावावाच लागला.

आत गेल्यावर त्यांनी तळहात उघडून बघितले. मग म्हणाले, "आज नाही झालं. उद्या होईल."

आम्ही हत्यारं गोळा करायला लागलो. ड्रुसिला रॅम्पच्या पायथ्याशी उभी. तिथून पुढे चिखल.

"हा रॅम्प कुठे जातो?" तिने विचारलं.

"खाली," गार्लंड म्हणाला.

"चिखलात जातो. चिखलात चाक रुतलं की हा रॅम्प नाही, नुसता ओटा. घराला वळसा घालून रस्त्यापर्यंत खडी टाकायची."

"बाई, ती नर्स घर बघायला येतेय, बाग नाही!"

"मी नर्ससाठी बांधत नाहीये."

माझेही हात नको म्हणत होते. पण ती बोलली ते खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्याशी वाद घालण्यात ताकद वाया जाते. गुरुवारी उजाडताच बारीक खडीचा ट्रक आला. पसरली, धुमसाने दाबली, घराच्या मागून पुढे आणि पुढून रस्त्यापर्यंत. संपवून चहाला आत बसलो तोच बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

नर्स ठरल्या वेळेच्या आधीच आली होती, आणि नवी होती. समोरच्या खोलीच्या खिडकीतून मी बघितलं. ती पुढच्या दाराखाली उभी. दाराचा उंबरा तिच्या कमरेएवढा. खाली उखडलेल्या रॅम्पच्या खांबांचे खड्डे. ती एकदा दाराकडे बघत होती, एकदा खड्ड्यांकडे.

"गेलं सगळं," गार्लंड पुटपुटला. "रॅम्पच नाही असं वाटणार तिला."

ड्रुसिला उठली.

"बस खाली, पोरी," काका म्हणाले. "पाहुणी माझ्याकडे आलीय."

त्यांनी टोपी घातली, दार उघडलं आणि बाहेर पडले. आम्ही मागोमाग. पहिला उतार, चौथरा, वळण, दुसरा उतार. मग खडी. दाबलेल्या खडीवर चाकं करकरत गेली, कुठे रुतली नाहीत. ड्रुसिला घराच्या कोपऱ्यापर्यंतच गेली आणि तिथे थांबली. दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसले होते, ढकलायला पुढे होऊ नयेत म्हणून.

"त्या बाजूला कुणी राहत नाही, बाई," काकांचा आवाज आला. "इकडून या. चहा तयार आहे."

नर्स दचकली, मग हसली. "पार्डी काका तुम्हीच? मी तुम्हाला शोधतेय."

"सापडलो. चला."

परतीची चढण. पहिला चढ चढून ते चौथऱ्यावर आले. छाती वरखाली होत होती. त्यांनी खुर्ची समुद्राकडे वळवली.

"इथून ते बेट बघा. माझ्या बापाने तिथे पन्नास वर्षं जाळी टाकली."

नर्सने बघितलं. काकांनी तिला बेट दाखवलं, बेटापलीकडचा खडक दाखवला, त्यापलीकडे काही नव्हतं तेही दाखवलं. श्वास जागेवर येईपर्यंत दाखवत राहिले. मग वळणावरचा तो खांब धरून त्यांनी स्वतःला वळवलं आणि चाकांना हात घातला. एकेक वीत. चाक एकदा मागे आलं. त्यांनी ते धरलं, दात आवळले आणि परत लोटलं. खुर्ची उंबऱ्यावरून आत गेली.

नर्स आत बसली. तिने चहा घेतला, जाम लावून पाव खाल्ला, काकांचे हात उलटसुलट करून बघितले आणि त्यांना जाड हातमोजे वापरायला सांगितलं. म्हणाली, "ती खाट मी दुसऱ्या कुणाला द्यायला सांगते." मग विचारलं, "पण पुढचं दार? त्याला काहीच करणार नाही का तुम्ही?"

"त्या दाराला अजून अवकाश आहे," काका म्हणाले.

गार्लंड हसायला लागला आणि थांबेना. ड्रुसिलाने आपला कप तसाच ठेवला, बाहेर गेली, चौथऱ्यावरचा तो खांब दोन्ही हातांनी धरून हलवला. हलला नाही. मग आत येऊन तिने निवलेला चहा संपवला.