यानाच्या दारामागची मावशी

"पाऊल ऐकू आलं की दार उघडावं. माणूस कोण, ते मागाहून बघावं," असं मावशी येता-जाता म्हणायची.

तिचं कामच ते होतं. टीव्हीवरच्या मालिकेतलं ते अंतराळयान प्लायवुडचं, आणि त्याचं आपोआप सरकणारं दार ओढायची मावशी. भिंतीमागच्या हातभर जागेत स्टुलावर बसायचं, दोरी मुठीत धरायची आणि कान पलीकडे लावायचे. दिसत काही नसे. बुटांच्या आवाजावरून ती माणसं ओळखायची. डॉक्टर पाय ओढत यायचा, सेनापती टाचा आपटत. कप्तानबाईचं पाऊल मात्र असं पडायचं, जणू कामावरून कुणी घरी परत येतंय. लोक म्हणायचे, काय यंत्र बसवलंय दाराला! ते यंत्र आपली बायको आहे, हे शेजाऱ्यांना पटवताना मावशीच्या नवऱ्याच्या नाकी नऊ यायचे.

कप्तानबाईचं काम करणाऱ्या नटीनं एकदा साऱ्या कामगारांना जेवणाची सुट्टी मिळावी म्हणून वाहिनीच्या साहेबांशी भांडण काढलं. साहेबांना ते झोंबलं. लगेच कथेत बंड शिजलं. सेनापती यान बळकावणार, कप्तानबाई दाराबाहेर अडकणार, तिथली हवा संपणार आणि तिचं कामही तिथंच संपणार. खरं बंड कुणी कुणाविरुद्ध केलंय, हे सगळ्यांना कळत होतं. तरी जो तो आपापल्या कामाला लागला.

"मावशी, आज दार उघडायचं नाही हं," दिग्दर्शक म्हणाला.

"मग मी आत बसून काय करू? जप?"

"दोरी सैल पडली की दार हलतं. घट्ट धरून बसा."

चित्रीकरण सुरू झालं. सेनापती गरजला, "आजपासून यान आमचं!" पलीकडून पावलं धावत आली. ओळखीची पावलं. मावशीला कळायच्या आत तिचा हात मागे गेला, दार सर्रकन सरकलं आणि दारावर मुठी आपटायला निघालेली कप्तानबाई तोल जाऊन आत पडली. सगळे खो-खो हसले. सेनापतीच्या हातून पिस्तूलसुद्धा गळालं.

साहेब हसले नाहीत. "बाई, डुलकी लागली होती?"

"नाही साहेब. हाताची खोड."

"पुन्हा असं झालं तर उद्या मोटर बसवतो. मोटरला कान नसतात."

मावशीला घर आठवलं. नवरा गुडघ्यांनी अधू, घर तिच्या एकटीच्या कामावर चालायचं. तिनं दोरी मांडीखाली दाबली आणि दोन्ही हातांवर बसली.

पुन्हा चित्रीकरण सुरू झालं, पावलं आली. दारावर मुठी पडल्या. "आत कुणी आहे का? माझं कुणी उरलंय का आत?"

वाक्य लिहिलेलंच होतं. पण मावशीला बुडाखालचं स्टूल जाणवलं. पूर्वी ती दिवसभर उभी असायची. हे स्टूल कप्तानबाईनंच एकदा स्वतः उचलून आणून दिलं होतं, वर म्हणाली होती, "मावशी, तुम्ही थकलात तर मी जाऊ कुठून?"

मावशीनं हात मोकळे केले आणि दोरी ओढली. या खेपेला खोड नव्हती.

कुणी हसलं नाही. कप्तानबाई उंबरठ्यावर क्षणभर थांबली, मग हळूच म्हणाली, "म्हणजे आहे कुणीतरी." छायाचित्रकारानं कॅमेरा थांबवला नाही. शिरस्त्राण घातलेला एक पहारेकरी सेनापतीची बाजू सोडून तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग दुसरा.

"थांबवा म्हणतो ना!" साहेब ओरडले.

दिग्दर्शकानं घसा खाकरला. "साहेब, गोष्ट आता कुठे रंगात आलीय."

"पुढचं मी लिहितो," लेखक कोपऱ्यातून बोलला. दिवेवाले, रंगवाले, सुतार पुढे सरकून उभे राहिले. साहेबांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, "बघू" म्हणाले आणि निघून गेले. साहेब "बघू" म्हणाले म्हणजे हरले, हे तिथला झाडूवालाही जाणत होता.

उन्हं कलली तशी मावशी पिशवी घेऊन निघाली. स्टुडिओचं अवजड लोखंडी दार ती पोचण्याआधीच घरघरत सरकलं. पलीकडे कप्तानबाई ते दोन्ही हातांनी ढकलत होती.

"जरा लवकर उघडलंत," मावशी म्हणाली. "पाऊल जवळ येऊ द्यायचं असतं."

"शिकेन, मावशी. उद्या येताय ना?"

"दार कोण उघडणार मग?"

आणि मावशी रस्त्याला लागली. ती वळणाआड होईपर्यंत कप्तानबाई दार धरून पाहत राहिली, आणि तिच्यामागे शिरस्त्राण काखेत धरलेला तो पहिला पहारेकरी.