फॉरेनवालीचा सख्खा भाऊ

तोंडावर सगळे तिला ताई म्हणायचे आणि पाठीमागे फॉरेनवाली. स्वतः कधी दोन गावांपलीकडे गेली नसेल, पण धाकटा भाऊ परदेशात होता आणि दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. फोन आला की बाई स्पीकर लावून उंबरठ्यावर येऊन बसणार. "काय म्हणतोस, गुडघाभर बर्फ?" हे तीन घरं पलीकडे ऐकू गेलंच पाहिजे. मी शेजारीण, मला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुद्दाम भांडी आपटायचे.

आम्ही दोघी कपड्यांच्या एकाच कारखान्यात. मी बटणं लावते, ती इस्त्रीवर. दहा तास उभ्यानं काम, वाफेनं मनगटापर्यंत सोललेले हात. तिनं इस्त्री केलेले शर्ट भावाच्याच देशात जायचे. "आमचे शर्ट दिसतात का रे तिकडे दुकानात?" तिनं एकदा विचारलं. "दिसतात की," तो म्हणाला. एखादा घेतलास का, हे विचारायचं तिला सुचलं नाही, आणि मलाही नाही.

तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. पदरचे पैसे घालायचे म्हटलं तर दोन महिन्यांत भांडीकुंडी विकायची पाळी. पण तिच्याकडे गरिबांना मिळतं ते कार्ड होतं, त्यावर सगळं फुकट. त्या एका कार्डावर माणूस जिवंत होता.

मग कार्डांची फेरतपासणी निघाली. एक कारकून फॉर्म घेऊन घरोघर फिरला. हिच्याकडे एकच पत्र्याची खोली, एक खाट, एक शेगडी. बघण्यासारखं काहीच नाही म्हणून त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. निळ्या गाडीला टेकून उभा असलेला तरुण. "हे कोण?" त्यानं सहज विचारलं. गप्प बसावं की नाही माणसानं? पण बाई फुलली. "माझा सख्खा भाऊ. परदेशात असतो. गाडी त्याचीच." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. महिन्याभरात कार्ड बंद. कारण, जवळचा नातेवाईक परदेशात.

"जिभेला हाड आहे का तुझ्या?" मी म्हणाले.

त्या रविवारी तिनं दार लावलं, स्पीकर बंद केला आणि जन्मात पहिल्यांदा भावाकडे पैसे मागितले. तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. गोदामातलं काम सुटून आठ महिने झाले होते. भाडं थकलं, खोली गेली. फोटोतल्या त्या गाडीतच तो झोपत होता. थंडी वाढल्यावर बेघरांच्या निवाऱ्यात खाट मिळाली. दुरून डोंगर साजरे, आणखी काय. "कुणाला सांगू नकोस ताई," म्हणाला. तरी तिच्यासाठी त्यानं तिथल्या सरकारचं मदतीचं पत्र त्याच दिवशी फोनवर पाठवलं, हा माणूस गरीब आहे म्हणून.

दुसऱ्याच दिवशी ते छापून घेऊन आम्ही कचेरीत गेलो. साहेबानं चष्मा लावून पत्र वाचलं, कॅल्क्युलेटरवर बोटं मारली आणि हसला. "बाई, याला तिथं जी मदत मिळते ना, ती माझ्या पगाराच्या दीडपट आहे. वर गाडी. याला गरीब म्हणायचं?"

"साहेब, तेवढ्यात तिथं खोलीसुद्धा मिळत नाही," मी म्हणाले.

"ते तिथल्या सरकारनं बघावं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "एक वाट आहे. भावाशी कसलाही संबंध नाही असं लिहून द्या. पण खोटं निघालं तर आजवरचा सगळा खर्च वसूल होईल, कार्डही कायमचं जाईल. फोन, पत्रं, सगळं तपासतात."

माझं अक्षर बरं, म्हणून मीच लिहिलं. 'माझ्या सख्ख्या भावाशी माझा कोणताही संबंध उरलेला नाही, त्याचा ठावठिकाणा मला माहीत नाही.' तिनं दोनदा वाचून घेतलं. "यातलं सख्खा काढता येईल का गं?" तिनं विचारलं. नाही येत म्हटलं मी. तो कागद साहेबाच्या तोंडावर फेकावासा वाटत होता. पण मंगळवारी तिचा नवरा पुन्हा मशीनवर होता, आणि हे मला नाकारता येत नाही.

रविवारी फोन आला. दार लावून मीही आत बसले होते, तिनंच बसवलं होतं. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला होता, पण बारीक. तिनं सगळं सांगितलं, यापुढे फोन करू नकोस हेही.

"बरं केलंस ताई," तो म्हणाला. "मीही तेच केलं असतं. भाऊजींना जप." मग म्हणाला, "एक विचारायचं होतं. निवाऱ्यात फॉर्म भरून घेतात. मला काही झालं तर कुणाला कळवायचं, ते लिहावं लागतं. तिथं तुझं नाव आहे, पत्ता आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"खोडून टाक," ती म्हणाली.

"मग कुणाचं लिहू?"

खाटेवर नवरा कूस बदलत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"रिकामं ठेव."

"बरं," तो म्हणाला, आणि भाऊजींना अजून चक्कर येते का ते विचारू लागला.