पहिलं नाव सरांचं

आमचा श्रीहरी छातीच्या एक्स-रेवर संशोधन करतो, म्हणजे परवापरवापर्यंत करत होता. एक्स-रेत फासळ्यांची सावली फुफ्फुसावर पडते आणि तिच्याआड क्षयाचा बारीक डाग लपून राहतो. ती सावली संगणकावर पुसून टाकायची पद्धत त्याने शोधली. निपाणी सोडून आम्ही राजाजीनगरात आलो तेव्हापासूनच्या याच घरात, मागच्या खोलीत बसून त्याने ती लिहिली. म्हणून मला ठाऊक.

शोधनिबंध तयार झाला तेव्हा त्याने पहिलं नाव घातलं त्याच्या मार्गदर्शकांचं, मल्लाप्पा तोरगल सरांचं. दुसरं स्वतःचं. त्यांच्या विषयात रीत उलटी असते. ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं, मार्गदर्शकांचं शेवटी. श्रीहरीला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सरांच्या आधी आपलं नाव लिहायला त्याचा हात धजेना. सरांनीही विश्वासाने न बघताच होकार कळवला. छापून आल्यावर मात्र फोन करून धाकट्या भावाला रागवावं तसे रागावले, "तम्मा, ही काय लग्नपत्रिका आहे, थोरल्यांचं नाव वर घालायला?"

श्रीहरी हसला. पुढच्या दोन निबंधांतही त्याने तोच क्रम ठेवला. आता बदललं तर बरं दिसत नाही, म्हणाला.

निबंध गाजला. देशोदेशीचे संशोधक आपापल्या लेखांत त्याचा संदर्भ देऊ लागले. संदर्भात पहिलंच नाव लिहितात, बाकीचे सगळे 'आणि इतर'. हळूहळू त्याच्या पद्धतीला तोरगल पद्धत हेच नाव पडलं. श्रीहरीला त्याचं काही वाटत नसे. नवा संदर्भ दिसला की चहा घेताना सांगायचा, "आई, आज ब्राझीलमधून."

तो एका संस्थेत कराराने काम करत होता. यंदा तिथे कायमची जागा निघाली आणि त्याच वेळी कळलं, की यापुढे करार वाढणार नाही. म्हणजे ही जागा मिळाली तरच संशोधन. मुलाखतीच्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी तो आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"पॅनेलवरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही तोरगल पद्धत वापरता का?"

"मग?" ह्यांनी विचारलं.

"हो म्हणालो."

"हो काय? अरे, मीच शोधली म्हणायचं!"

"सरांच्या नावाची पद्धत माझी म्हणून कशी सांगू, बाबा? पुढे सांगणारच होतो, तेवढ्यात त्यांनी दुसरा प्रश्न काढला."

"स्वल्प तोंड उघडलं असतंस तर सर काय मारणार होते तुला?"

तो उठून बूट काढायला गेला.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्या मुलाचे संदर्भ श्रीहरीपेक्षा कमी, पण पहिल्या नावावरचे. तोरगल सरांनी समितीला आपणहून कळवलं, की काम खरं श्रीहरीचं आहे. निवड पूर्ण झाली आहे, एवढंच उत्तर आलं. मग सर घरी आले. कॉफीचा पेला हातात तसाच धरून म्हणाले, "अक्का, पहिल्याच वेळी मी ते दुरुस्त करायला लावायला हवं होतं." इतका सज्जन माणूस. रागवावं तरी कुणावर?

आता श्रीहरी कोरमंगलातल्या एका कंपनीत जातो. ऑनलाइन विकायच्या कपड्यांचे फोटो नीटनेटके करण्याचं काम आहे. तिथे निबंध कुणी लिहीत नाही. सकाळी चहा पिऊन मुकाट्याने निघतो. जेवतो नीट, झोपतोही. तरी मला तो बरा दिसत नाही.

पद्धतीबद्दल शंका विचारणाऱ्यांचे मेल अजून सरांनाच येतात. सर ते याच्याकडे धाडतात आणि हा रविवारी बसून उत्तरं लिहितो. परवा न राहवून मी म्हटलं, "निदान उत्तराखाली तरी तुझं नाव घालत जा."

"घालतो की, आई," तो म्हणाला. "सरांच्या नावाखाली."