तिसरा भाग येऊ नये म्हणून

फोन आला तेव्हा मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत डबा उघडत होते. स्क्रीनवर दिलीपचं नाव दिसलं आणि हात झाकणावरच थांबला. गेली चार वर्षं भरदुपारी नवऱ्याचा फोन आला की मी एक मोठा श्वास घ्यायचे आणि मगच उचलायचे. बहुतेक वेळा तो ‘येताना दही आण’ असलंच काहीतरी सांगायचा. त्या दिवशी तो बोलेचना. मागे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचा आवाज येत होता, कुणीतरी पाणी मागत होतं. “दिलीप, बोल ना रे,” मी म्हटलं. “शुभा...” एवढंच तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “काय खेळत होती?”

आज सात आठवडे झाले, तरी माझाच तो प्रश्न मला सोडत नाही. नणंद गेल्याचं कळल्यावर एखादी बाई रडेल, मटकन खाली बसेल. मी हे विचारलं. दिलीपलाही काही वावगं वाटलं नाही. तो म्हणाला, “काही नाही गं. कोथिंबीर आणायला उतरली होती.”

शुभा माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कॉलेजात होती. पुढे घाटकोपरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागली आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिली. लग्न केलं नाही, का केलं नाही हे कुणाला सांगितलं नाही, आणि सासरे गेल्यावर आम्ही भांडुपची खोली सोडून नाहूरला आलो तेव्हा मधली खोली तिची झाली. ग्रंथालयात तिचा एक लौकिक होता. नवं पुस्तक आलं की ते कुठल्या कपाटात जाणार यावर ती प्राध्यापकांशी भांडायची. प्रवासवर्णनाच्या नावाखाली आलेलं आत्मचरित्र ती बरोबर पकडायची. “मुखपृष्ठावर बोट असली म्हणून प्रवास होत नाही, वहिनी,” असं जेवताना तावातावाने सांगायची. आम्ही हसायचो.

आमचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा व्हिडिओ गेमचा खोका टीव्हीखाली तसाच राहिला. एका रविवारी शुभाने तो पुसायला म्हणून काढला, जोडून पाहिला, आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई त्यात अशी शिरली की काही विचारू नका. सुरुवातीला मला वैताग यायचा. शाळेतून दमून यावं तर समोर टीव्हीवर कुणीतरी अंधाऱ्या जिन्यावरून उतरतंय आणि सोफ्यावर नणंद पाय वर घेऊन बसलेली. तिला भीतीचे गेमच आवडायचे. त्यातही एक खास. त्यात एक बाई हातात कंदील घेऊन ओसाड बेटावरच्या दीपगृहात आपल्या बहिणीला शोधत फिरते. हत्यार नाही, कंदिलात तेल थोडं. तेल संपलं की बसून ऐकायचं, बस. शुभा त्याला ‘कंदीलवाली’ म्हणायची. दुसऱ्या भागात त्या बाईला बंदूक दिली म्हणून शुभा इतकी संतापली, की इंटरनेटवर जगभरचे लोक जिथे भांडतात तिथे जाऊन तिने लांबलचक इंग्रजीत लिहिलं. मला मराठीत ऐकवलं. “बंदूक हातात आली, गोळ्या पुरेशा झाल्या, की संपली ना भीती. मग ती मारामारी. दोन वेगळी कपाटं आहेत ही.” मुंबईतल्या अशाच खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात ती सगळ्यांची शुभाताई झाली. वयाने बाकी सगळे तिच्या निम्मे.

मग एका सकाळी ती ग्रंथालयात शिडीवर चढलेली असताना डोळ्यांपुढे काळोख येऊन पडली. खांदा सुजला, बाकी काही नाही, असं आम्हाला वाटलं. मुलुंडच्या डॉक्टरांनी चार दिवस तपासून सांगितलं की हिच्या हृदयाचा ठोका मधूनच बेताल होतो आणि तसा झाला की थांबूही शकतो. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ठोका बिघडला की ते आतूनच झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणार. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, धावपळ नको, राग नको, दचकणं तर अजिबात नको. मीच बोलून गेले, “डॉक्टर, ह्या भीतीचे गेम खेळतात.” ते हसले आणि म्हणाले, तेवढे बंद करा. शुभाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चहाडी केली मी. मग शांतपणे विचारलं, “भीतीचे म्हणजे नक्की कुठले, डॉक्टर? व्याख्या काय?”

तिथून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी जकातनाका म्हणायचे. कंदीलवालीचे दोन्ही भाग मी कपाटात कुलपात ठेवले. शुभा नवा गेम घेतला की मला बोलावून दाखवायची, आणि तो भीतीचा नाही हे सिद्ध करायची.
“हा कोड्यांचा आहे. कुलपं उघडायची फक्त.”
“मग घर रिकामं का आहे?”
“विकायला काढलंय.”
“आणि वरच्या मजल्यावर कोण चालतंय?”
“दलाल असेल गं!”
मी बंद करायला लावलं की ती चिडून तिच्या बाबांच्या मालवणीवर यायची. “वयनी, तू गप रव गो!” आता लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. ती खेळत असली की मी शेजारी बसून टीव्हीकडे पाहायचेच नाही, तिच्या मानेवरची शीर पाहत बसायचे. शेतीचा म्हणून घेतलेल्या एका गेममध्ये अचानक कोल्हा आला आणि कोंबडी घेऊन गेला, तर किंचाळले मी. शुभा म्हणाली, “हे बघ, तुझं हृदय ठणठणीत आहे म्हणून हा शेतीचा. उद्या तुझ्या खांद्यात यंत्र बसवलं की हाच भीतीचा होईल. मग मी कुठल्या कपाटात ठेवू हा?”

आणि तो रविवार. दुपारचे चार वाजले असतील, खिडकीतून ऊन आत आलं होतं. शुभा मासेमारीचा गेम खेळत होती. निळं तळं, लाकडी होडी, गळ टाकायचा आणि वाट पाहायची. यापेक्षा निरुपद्रवी काय असणार, म्हणून मी तिच्याशेजारी घेवडा निवडत होते. पडद्यावर काहीही झालं नाही. मासासुद्धा लागला नव्हता. एकदम शुभाचं सगळं अंग सोफ्यावरून उडालं, हातातलं रिमोटासारखं ते खाली पडलं आणि तिच्या तोंडून असा आवाज आला जो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. यंत्राने झटका दिला होता. “घोड्याने आतून लाथ मारली,” ती नंतर म्हणाली. त्या क्षणी मात्र ती छाती धरून, डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती, आणि मी... मी तिला हातही लावला नाही. मला वाटलं, मला शॉक बसेल. शिकवणारी बाई मी, पण त्या क्षणी दोन पावलं मागे सरले. घेवडा सगळा जमिनीवर. दिलीप धावत आला, त्याने तिला धरलं. ती थरथरत म्हणाली, “वहिनी, हा तर मासेमारीचा होता गं.”

मी मागे सरले हे तिने पाहिलं होतं. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्यानंतर शुभा बदलली. झटका पुन्हा कधी येईल याचीच तिला भीती बसली. सोफ्याच्या त्या बाजूला ती सहा महिने बसली नाही. अंघोळीला जाताना दाराला कडी लावायची नाही. कधी बोलता बोलता गप्प व्हायची, हात खांद्याकडे जायचा आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहायचो... मग ती मान हलवायची, काही नाही म्हणून. नोकरी सोडली. आणि नेमकं तेव्हाच कंदीलवालीचा तिसरा भाग येणार अशी घोषणा झाली.

मिनिटभराचीसुद्धा जाहिरात नव्हती ती. वाळूत पडलेला कंदील, लाटेचा आवाज, बस. पण शुभाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला. ते दृश्य थांबवून थांबवून तिने पन्नासदा पाहिलं असेल. ग्रुपवर पैजा लागल्या. कुणी म्हणे पुन्हा बंदूक असणार, कुणी म्हणे बहीण भूत झालेली असणार. शुभाचा अंदाज वेगळा होता. “कंदिलाला गंज बघ. म्हणजे मधे वर्षं गेलीत. ती बाई आता म्हातारी झाली असणार, वहिनी. या वेळी तिला पळता येणार नाही.” मग माझा हात धरून म्हणाली, “तो आला की मी एकदाच खेळणार. तू शेजारी बस. कबूल कर.” तिच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी काहीतरी हवं असल्याचं दिसलं, आणि मी हो म्हटलं.

हो म्हटलं आणि त्या दिवसापासून तो गेम येऊ नये म्हणून मी देवाला हात जोडू लागले. खोटं कशाला बोलू. तिच्या ग्रुपवर येतात तसल्याच बातम्या मी माझ्या फोनवर चोरून वाचू लागले. गेम पुढे ढकलल्याचं पहिल्यांदा जाहीर झालं तेव्हा शुभा दिवसभर गप्प होती आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हुश्श केलं. अपराधी वाटून संध्याकाळी तिच्यासाठी तांदळाचे घावणे केले. दुसऱ्यांदा ढकलला तेव्हाही घावणे. तिसऱ्यांदा तिने ताटाकडे पाहून विचारलं, “तुला कसं कळलं गं आधीच?” मी विषय बदलला.

शेवटी गेम आलाच नाही, आला तो मंगळवार. ज्याला आम्ही इतके घाबरलो त्यातलं काहीच तेव्हा तिच्यासमोर नव्हतं. ती कोथिंबीर घेऊन परत आली, गेटजवळच्या बाकावर टेकली. वॉचमनला वाटलं डोळा लागला. यंत्राने आपलं काम केलं होतं, एकदा नव्हे तर अनेकदा, असं नंतर डॉक्टरांनी तपासून सांगितलं. एकटी बसली होती ती तेव्हा. त्या झटक्यांचा विचार मी करू शकत नाही. कुणीतरी तिच्या शेजारी हवं होतं, मागे न सरणारं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी तिचा फोन वाजला. तो चार्जिंगला लावून ठेवायची आमची सवय गेली नव्हती. बातमी होती, तिसरा भाग पुन्हा पुढे ढकलला. आणि मी... मी हुश्श केलं. खरोखर छातीतून श्वास सुटला, पाय स्वयंपाकघराकडे वळले, तांदळाच्या पिठाच्या डब्याला हात लागला. मग कळलं.

पुढच्या रविवारी तिच्या ग्रुपमधला संदेश नावाचा मुलगा भेटायला आला. वाकोल्याला राहतो, कुरिअर कंपनीत आहे, तिशीचा असेल. शुभाताईला तो प्रत्यक्ष कधी भेटला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून चहा घेताना तो म्हणाला, “ताईंची एक गोष्ट तुम्हाला दाखवायची होती. दाखवू की नको कळत नव्हतं.” त्याने फोन पुढे केला. गेम तिसऱ्यांदा पुढे गेला त्या दिवशी शुभाने त्याला एकट्याला लिहिलं होतं. ‘सुटले रे बाबा. वहिनीकडून वचन घेऊन बसलेय, आला असता तर खेळावा लागला असता. आता माझ्याने नाही होत, जाम फाटते. पण तिला सांगू नकोस. मला अजून काहीतरी हवंय असं वाटलं की ती बरी राहते.’

मी ते दोनदा वाचलं. संदेश खाली मान घालून बसला होता. म्हणजे त्या संध्याकाळी एका ताटावर आम्ही दोघी सुटकेचे घावणे खात होतो, आणि दोघी एकमेकींपासून लपवत होतो. “मी चूक केली का?” त्याने विचारलं. “नाही रे,” मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं, ती गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडू आलं.

आमच्या दाराला बेल नाही. यंत्र बसवून शुभा घरी आली त्याच दिवशी दिलीपने ती काढली, वायरींना टेप लावला. कुकरची शिट्टी होण्याआधी ‘होतेय हं’ असं ओरडायचं, मधल्या खोलीत जाताना ‘मी येतेय’ म्हणायचं, भांडं हळू ठेवायचं, हे सगळं आमच्या अंगात मुरलं. परवा दिलीप म्हणाला, आता बेल बसवू या, लोकांना त्रास होतो. स्टुलावर चढून त्याने ती स्वतःच जोडली आणि बाहेर जाऊन दाबून पाहिली. इतक्या वर्षांनी तो आवाज घरात घुमला आणि माझ्या हातातलं पातेलं सुटलं. मी तशीच मधल्या खोलीकडे धावले. दारात कुणावर तरी आदळले. दिलीप होता. बेल दाबणारा तोच, आणि माझ्याआधी धावत तिथे पोचलेलाही तोच. दोघं धापा टाकत आत पाहत राहिलो. पलंगावर चादर नीट घातलेली होती.

त्याने पुन्हा स्टूल घेतलं आणि बेल उतरवली. आमच्याकडे कधी आलात तर दार हाताने वाजवा. जरा हळूच.