बाबांचं इंजिन आणि आईची खंडेनवमी

बाबांच्या मोटरसायकलचं इंजिन मी खोललं तेव्हा ते फक्त बंद होतं. बिघडलं ते मी दुरुस्त केल्यावर.

गाडी आईबाबांच्या लग्नाच्या वर्षातली. पहिल्या दसऱ्याला बाबा आईला मागे बसवून नंदनवन वस्तीतल्या आत्याकडे सोनं द्यायला गेले होते. तसंच एकदा पुन्हा जायचं, एवढीच त्यांची इच्छा. दसरा झाला की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि त्यानंतर मोटरसायकल कायमची बंद, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे जायचं तर याच दसऱ्याला. मी छाती पुढे काढून जाहीर केलं की इंजिन मी करणार, आणि एकूण एक पार्ट त्याच काळातला लावणार! (माझा तोवरचा अनुभव सायकलची चेन चढवण्याचा. तीही परत उतरली.)

मग मी सारा जिल्हा पालथा घातला. पिस्टन कळमेश्वरच्या भंगारात मिळाला आणि कार्बोरेटर मौद्याच्या एका गोठ्यात, म्हशीच्या गळ्यात! (बरं, गळ्यात नाही, खुंटीला. पण म्हैस ज्या नजरेनं बघत होती त्यावरून मालकी तिचीच असावी.) नव्या वायसरलासुद्धा मी शिवत नव्हतो.

"नट जुना पाहिजे, बोल्ट जुना पाहिजे," बायको म्हणाली, "मंग मेकॅनिकच तेवढा नवा कसा काय चालते?"

खंडेनवमीला सगळे पार्ट अंगणात वर्तमानपत्रावर मांडले होते. आमच्याकडे त्या दिवशी विळ्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. इंजिनाला आई कशी सोडेल? मी आंघोळ करून येतो तर पार्टापार्टावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मी सगळं वरवर पुसलं आणि इंजिन जोडलं.

दसऱ्याच्या दुपारी बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून, आई जरीची साडी नेसून, हातात आपट्याची पानं घेऊन तयार. मी किक मारली. काही नाही. पेट्रोल शिळं असेल म्हणून माझ्या स्कूटरची टाकी मोटरसायकलमध्ये रिकामी केली. पुन्हा किक. माझी चप्पल शेजाऱ्यांच्या गच्चीवर पोचली, इंजिन मात्र मौनात. गल्ली जमली. बाबा सदऱ्याचं वरचं बटण काढून पायरीवर बसले. ते मला बघवेना.

आई चिंतेत पडली. "पूजा तं मी नीट केली होती. मंग काहून सुरू नाही होऊन राहिलं?"

"नीट म्हणजे?"

"इंजन आतून चालते म्हणतोस ना? म्हणून अक्षता आतच वाहिल्या. हळद लावून."

कार्बोरेटर खोलला. आत पेट्रोलमधला हळदीभात तयार! पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकात तांदळाची कणी घट्ट बसलेली. माझा हत्यारांचा अख्खा डबा उपडा केला, पण त्या भोकात जाईल असं काही निघेना. तेव्हा आईनं मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून बाबांना दिली.

"घ्या. लग्नापासूनची आहे."

(माझ्या सगळ्या शोधात खात्रीनं त्याच काळातली वस्तू ही एकच!)

बाबांनी कणी टोकरली, फुंकर मारली, मी किक मारली, आणि इंजिन असं गरजलं की कोपऱ्यावरची कुत्री थेट मौद्यापर्यंत पळाली. आई मागे बसली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "मस्त बनवलं गा तू," बाबा म्हणाले आणि निघालेसुद्धा. इतक्या कमी कामाची इतकी मोठी पावती कुणाला मिळते? मी मनातल्या मनात त्या पिनेचे, बाबांचे आणि म्हशीचेही आभार मानले.

जुनी गाडी आहे, वाटेत थांबली तर माणूस हाताशी असावा, म्हणून मी ऐटीत स्कूटर काढून त्यांच्या मागे निघालो. नंदनवनच्या अलीकडेच स्कूटर थांबली. तळाशी उरलेले थेंबही संपून टाकी कोरडी! बाबा वळून आले, त्यांनी धड गुडघ्याचा पाय माझ्या स्कूटरला लावला आणि मला ढकलत आत्याच्या दारात नेऊन उभं केलं.

आत्या बघतच राहिली. आई उतरली, सोन्यासोबत आणलेल्या अक्षतांतल्या चार माझ्या डोक्यावर टाकल्या आणि तिला म्हणाली, "याच्या तं आतही टाकल्या असत्या वं. पण अडकायले तिथं काही पाहिजे ना."