कोरडा थर

आमचे दाजी गवंडी. तरुणपणी त्यांनी घरं बांधली असतील, पण मी नगरपालिकेच्या टेम्पोवर ड्रायव्हर लागलो तेव्हापासून पाहतोय, त्यांनी फक्त घरं बंद केली. मालक मेलेला, वारस कोर्टात भांडतायत, छत खाली आलेलं, अशा इमारतींच्या दारा-खिडक्यांत विटा घालून त्या बुजवायच्या, हे त्यांचं काम. विटा, वाळू, सिमेंट पोचवायचं, हे माझं. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून घरी मी त्यांना मान द्यायचो आणि कामावर मनसोक्त चेष्टा करायचो. म्हणायचो, दाजी, तुम्ही एवढ्या भिंती घातल्यात, त्यातली एखादी माझ्या आणि ताईच्या मध्ये घाला, म्हणजे तिची बोलणी तरी ऐकू यायची नाहीत. दाजी हसायचे नाहीत. विटेला पाणी मारत म्हणायचे, तुझ्या ताईचा आवाज भिंतीला जुमानतो होय?

या इमारतींचं मला कोडंच होतं. पाडायच्या तर कोर्टाची मनाई. दुरुस्त करायच्या तर त्या आपल्या नाहीत. तशाच ठेवायच्या तर कुणाच्या तरी डोक्यात पडतील. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मग वरून हुकूम यायचा, बुजवा. दारावर ‘धोकादायक’ असा कागद चिकटवायचा, दाजींनी भिंत घालायची, इंजिनिअरने फोटो काढायचा, की शहर हात झटकून मोकळं. आतली इमारत कुजत राहायची, पण ती आता कुणाला दिसायची नाही. मला याचा संताप यायचा, अजून येतो. दाजी म्हणायचे, संताप करून सिमेंट लवकर सुकतं का? सुकत असेल तर मीही करतो.

पण त्यांची एक रीत होती. शेवटचं दार बुजवण्याआधी आत तोंड घालून मोठ्याने हाक द्यायची, ‘कुणी आहे का? दार बंद होतंय.’ मग हातातली थापी खाली ठेवून ऐकत उभं राहायचं. इंजिनिअर घड्याळाकडे बघायचे, मजूर कंटाळायचे, पण दाजी हलायचे नाहीत. कुणी असलंच तर गाठोडं घेऊन डोळे चोळत बाहेर यायचं. दाजींनी हाक दिली म्हणजे इमारत रिकामी, असा त्यांचा लौकिक होता. वर पुन्हा कुणी तपासायला जात नसे.

दुसरी रीत फक्त मला ठाऊक होती. मागच्या बाजूच्या दारात, अगदी खालच्या थरातल्या काही विटा दाजी सिमेंटचा माल न लावता नुसत्याच बसवायचे. बाहेरून सिमेंटचा हात फिरवला की भिंत सलग दिसायची. आतून पायाने ढकललं की विटा निघायच्या. आधी हे मांजरांसाठी होतं. एकदा एका बुजवलेल्या घरातून मांजरीचं ओरडणं कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं होतं आणि भिंत फोडायची परवानगी मिळेपर्यंत ते थांबलं होतं. तेव्हापासून दाजींनी हा कोरडा थर धरला.

पुढे त्या वाटेने माणूस जायला लागलं. ते माणूस म्हणजे दाजींचा सख्खा धाकटा भाऊ.

त्याला सगळे धाकट्याच म्हणायचे, चाळिशी उलटली तरी. प्लंबर होता. हातात कला होती आणि घशाला कोरड होती. बायको सोडून गेली, मग काम गेलं, मग खोली गेली. दाजींनी त्याला घरी आणलं. दोन खोल्यांचं घर, त्यात ताई, दाजी, वयात आलेली मुलगी. तो पिऊन आला तरी भांडायचा नाही, शिवी द्यायचा नाही, कोपऱ्यात मुटकुळं करून पडायचा. पण एकदा घरात कुणी नसताना चहा ठेवायला म्हणून त्याने गॅस सुरू केला आणि तिथेच झोपी गेला. शेजाऱ्यांनी दार तोडलं. पडदा पेटून छतापर्यंत काळं झालं होतं. ताई त्या दिवशी ओरडली नाही. तिने त्याची पिशवी भरून उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दाजींना म्हणाली, तो राहणार असेल तर मी मुलीला घेऊन जाते. दाजींना इकडे आड, तिकडे विहीर. धाकट्याने स्वतःच पिशवी उचलली. वहिनीचं बरोबर आहे, म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तो आम्हाला सापडला तो कामावरच. एका बंद गिरणीच्या कचेरीत दाजींनी हाक दिली आणि वरच्या खोलीतून धाकट्या डोळे चोळत खाली आला. नशीब, इंजिनिअर बाई तेव्हा रस्त्यावर फोनवर बोलत होत्या. नव्याने बदलून आलेल्या या बाई कडक होत्या. आत माणूस सापडला की पोलिसांना कळवायचं, असा त्यांचा नियम होता, आणि भाऊच सापडला तर दाजींच्या नोकरीचं काय व्हायचं? दाजींनी त्याला जिन्याखाली ओढलं. मी सिमेंटची गोणी घेऊन दारात होतो, म्हणून ऐकलं.

‘यापुढे मी हाक दिली तरी ओ द्यायची नाही,’ दाजी म्हणाले. ‘गप पडून राहायचं. सगळे गेले की मागच्या दाराचा खालचा थर ढकल आणि जा-ये कर. माझ्या हाकेला ओ दिलीस तर दोघंही बुडू.’

धाकट्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली. दाजींनी खिशातली बिडी-काडी त्याला दिली, मग काय मनात आलं कोण जाणे, काडेपेटी परत घेतली.

मी त्या संध्याकाळी दाजींना पोटभर बोललो. म्हटलं, हे पांघरूण घालणं नव्हे, हे त्याला पुरणं आहे. पडक्या घरात माणूस ठेवतात का? दाजी म्हणाले, मग तुझ्याकडे नेतोस? माझी एक खोली, त्यात आम्ही चौघं. तरी ‘हो’ म्हणता आलं असतं, ते मी म्हटलं नाही. दाजींनी वाट पाहिली, मग टेम्पोची काच वर केली.

असं बरेच दिवस चाललं. दाजी भिंती घालत राहिले आणि धाकट्या त्यांच्यामागे राहत गेला. अधूनमधून चहाच्या टपरीवर भेटायचा, दाढी वाढलेली, पण हात मात्र स्वच्छ धुतलेले. दाजी त्याला भाकरीचं पुडकं द्यायचे. ताईला हे माहीत होतं असं मला वाटतं, कारण पुडक्यात भाकऱ्या नेहमी जास्तच असायच्या. पण ती घरी मूग गिळून बसायची.

मग एका बुजवलेल्या इमारतीचा जिना आतल्या आत कोसळला. ढिगाऱ्याखाली माणूस मेला होता. बातमी आली तेव्हा दाजी घमेलं टाकून पळत सुटले. मी टेम्पो घेऊन मागे. शवागारात चादर बाजूला केली तर तो कुणी भलताच होता, म्हातारा, ओळखीचा नसलेला. दाजी बाहेर येऊन पायरीवर बसले. आधी त्यांना हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली असावी, कारण ते किती तरी वेळ मान वर करेनात. तो म्हातारा त्या कोरड्या थरातूनच आत गेला होता. वाट एकाला माहीत झाली की दहांना होते. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, एवढंच ते म्हणाले.

चौकशीत सुट्या विटा सापडल्या. कुणीतरी उचकटल्या असणार, असं सगळ्यांनी धरलं. दाजींवर कुणाचा संशय गेला नाही, इतकं त्यांचं नाव चांगलं. दाजीही बोलले नाहीत. हुकूम निघाला की बुजवलेली प्रत्येक इमारत पुन्हा तपासायची आणि सैल जागा पक्क्या करायच्या. काम अर्थातच दाजींकडे आलं.

स्वतःच ठेवलेली वाट ते स्वतःच बंद करत निघाले. प्रत्येक ठिकाणी माल कालवण्याआधी आत वाकून धाकट्याला शोधायचे. कुठे त्याची रिकामी बाटली, कुठे नीट घडी केलेलं पोतं. तो मात्र नाही. टपरीवाल्याला निरोप दिला, त्यालाही तो बरेच दिवस दिसला नव्हता.

शेवटी एक जुनं प्रसूतिगृह उरलं. धाकट्याने उमेदीच्या काळात तिथले नळ बसवले होते. सकाळची वेळ होती, ऊन चांगलं पडलं होतं. इंजिनिअर बाई बरोबर होत्या. जिना धोक्याचा झालाय, आत कुणी पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं, आणि ते बरोबरच होतं. दाजींनी मागच्या दारातल्या कोरड्या विटा काढल्या, भोकाशी वाकले आणि हाक दिली. ‘कुणी आहे का? दार बंद होतंय.’

आतून काहीच आलं नाही. बाई म्हणाल्या, चला, लावा.

दाजींनी थर लावायला घेतला. एकच वीट ठोकत बसले. ओळंबा सोडला, गुंडाळला, पुन्हा सोडला. एवढ्याशा भोकाला ओळंबा कशाला लागतो? मला कळत होतं की त्या शांततेचा अर्थ फक्त आम्हा दोघांनाच माहीत आहे, आणि तो म्हणजे काहीच नाही. आत कुणी नसलं तरी शांतता, धाकट्या असला तरी शांतताच. ओरडावंसं वाटत होतं, पण ते माझ्या तोंडून यायला नको होतं.

दाजींनी थापी खाली ठेवली.

‘बाई, आत माझा भाऊ असेल.’

‘तुम्ही आत्ताच हाक मारलीत की.’

‘मी हाक मारली की ओ द्यायची नाही, असं मीच त्याला सांगून ठेवलंय.’

बाईंनी त्या सुट्या विटांकडे पाहिलं. त्यांना सगळं एकदम उमगलं, त्या म्हाताऱ्याचंसुद्धा. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता तोफ डागणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘मग आता त्याला दुसरं सांगा.’

दाजी ओल्या सिमेंटात आडवे झाले आणि त्यांनी तोंड भोकात घातलं. ‘धाकट्या, दादा आहे. मागचं सांगितलेलं सोड. आता ओ दे.’

थोडा वेळ काही नाही. मग वरून, कुठूनतरी फार लांबून आल्यासारखं, ‘ओ’ आलं.

बाईंनी अग्निशमन दलाला फोन केला आणि मी ताईला केला. धाकट्या सापडला, जिवंत आहे, एवढंच सांगितलं. पुढच्या दाराची भिंत दाजींनी स्वतः घणाने फोडली. आपल्याच भिंतीवर असे घाव घालणारा गवंडी मी कधी पाहिला नव्हता. त्या दारातून दलाची माणसं आत गेली आणि जिना टाळून शिडीने वर चढली. जिन्याची वरची पायरी निखळून तो पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, जखम सडली होती. तसाच सरपटत वरच्या खोलीत जाऊन पडला होता. कधीपासून, ते त्यालाही सांगता येईना.

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा त्याच्या पायावरचं कांबळं घसरत होतं, ते बाईंनी धरलं होतं. अंग तापाने भाजत होतं. त्याने डोळे किलकिले करून दाजींना ओळखलं.

‘त्या बाई गेल्या का?’ त्याने विचारलं.

दाजींनी बाईंकडे पाहिलं. ‘गेल्या,’ म्हणाले.

बाईंनी कांबळं माझ्या हातात दिलं आणि टेम्पोच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

‘मघाशी मी ओ दिली नव्हती हां, दादा,’ धाकट्या म्हणाला. त्याच्या आवाजात मला चक्क अभिमान ऐकू आला. पाय सडत असताना, सुटकेची हाक कानावर पडत असताना, हा माणूस थोरल्या भावाची नोकरी सांभाळत गप्प पडून राहिला होता. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी खूप धडपड केली. विष अंगभर पसरलं होतं. दुपारी तो गेला.

तिथले सोपस्कार व्हायला वेळ लागणार होता. ताईला फोनवर सांगायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही, म्हणून आधी घरी गेलो. दार सताड उघडं होतं. पुढच्या खोलीतलं कपाट ताईने मुलीच्या मदतीने आत ढकललं होतं, शिलाई मशीन स्वयंपाकाच्या ओट्याला टेकवलं होतं. खिडकीखाली खाट टाकली होती, तिच्यावर धुतलेली चादर. ताई उशीला अभ्रा घालत होती. आमच्याकडे न बघताच बोलत सुटली, की गॅसचा लायटर आता ती स्वतःच्या कमरेला खोचून ठेवणार, की पिणं सुटलं नाही तरी चालेल पण इथेच पडायचं, बाहेर नाही. मग तिने विचारलं, ‘त्याला उशी उंच लागते का हो?’

दाजी तिच्याजवळ गेले. तिच्या हातातली उशी काढून घेतली, पण ठेवायची कुठे हे त्यांना कळेना. ती तशीच पोटाशी धरून ते उभे राहिले, आणि ताईला सगळं समजलं.