न टाकलेलं मीठ

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात सोनीबाई खडेमीठ विकते, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून त्याला कोणत्या भाषेत हाक मारायची ते ठरवते. गोंड बाई दिसली की "सवोर घे वं". केळापूरकडचा कोलाम म्हातारा आला की "सुप". तेलंगणातून माल घेऊन आलेला ट्रकवाला असला की "उप्पू, उप्पू". मटणाच्या दुकानातल्या चाचाला ती अदबीनं "नमक" म्हणते, आणि आपल्या तांड्याचं कोणी असलं की "लूण". बाकी सगळ्यांना साधं मीठ. यात तिची काही विद्वत्ता नाही. जन्म बाजारात गेला की माणसाला एवढं येतंच.

शब्दांचं खरं वेड तिच्या नवऱ्याला होतं. रामधन जिवंत होता तोवर गोणीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पिडायचा. "हिंदीवाला मीठा म्हणते तं गोड, आपण मीठ म्हणतो तं खारट. आता सांगा, खोटं कोण बोलून राह्यलं?" खोटं कोणीच बोलत नाही. संस्कृतात मिष्ट म्हणजे चवदार. त्यातलं गोड हिंदीनं उचललं, खारट मराठीनं ठेवून घेतलं, आणि गुजरातीनं दोन्ही खिशात टाकलं. लवणाचंही असंच. त्यातून आपलं लोणचं आलं, आणि लावण्यही त्यातूनच आलं. बाईच्या रूपात जुन्या माणसांना मीठ दिसलं. अरबांनाही तेच दिसलं. त्यांच्याकडे मिठाला मिल्ह म्हणतात आणि सौंदर्याला मलाहत. नमक तेवढा फारसीतून आला, आणि इथं येऊन त्यानं नमकहरामाला जन्म दिला. पुष्कळ जण सांगतात की लमाण हे नावही लवणापासूनच पडलं, कारण बैलांच्या पाठीवर मीठ लादून ही माणसं मुलूखभर फिरली. रामधन हे छाती फुगवून सांगायचा. "आपलं नावच मीठ हाय." सोनीबाई म्हणायची, "मंग पाण्यापासून दूर राहा."

या सगळ्या अर्थांपैकी सोनीबाईच्या काळजाला भिडलेला अर्थ एकच, आणि तो कुठल्या कोशात नाही. तो म्हणजे लूणपाणी. तांड्यात चोरी झाली आणि एखाद्यावर संशय आला, की पाण्यानं भरलेला तांब्या मधे ठेवायचा. संशय असलेल्यानं मूठभर मीठ पाण्यात सोडायचं आणि म्हणायचं, "मी केलं असेल तर माझं घर असं विरघळो. मी केलं नसेल तर ज्यानं केलं त्याचं विरघळो." शपथेचा हा दुसरा भाग नीट लक्षात ठेवा, सगळा घात तिथं आहे. हल्लीची पोरं याला हसतात. सोनीबाई हसत नाही. तिच्या माहेरी एका निर्दोष बाईनं असं मीठ टाकलं होतं, आणि त्याच पावसाळ्यात खऱ्या चोराचा धट्टाकट्टा मुलगा ओढ्यात वाहून गेला. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

लखन हा तिचा एकुलता एक मुलगा. उशिरा झालेला, म्हणून जिवापाड जपलेला. दाढीमिशा फुटल्या तरी ती त्याची मीठ-मोहरीनं दृष्ट काढायची. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि कामाला म्हणाल तर नुसता अंधार. गेली काही वर्षं त्याला मोबाइलवर क्रिकेटचा सट्टा खेळण्याचा नाद लागला होता. बायको संगीता दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची, आई मीठ विकायची, आणि हा खाटेवर पडून कुठल्यातरी परक्या देशातला सामना बघायचा.

रामधन गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे सोनीबाईनं टोपली उतरवली. टोपली म्हणजे केसांत गुंफून दोन्ही गालांशी लोंबणारा चांदीचा दागिना. लग्न झालेल्या बाईची तीच ओळख. ती तिनं स्वतःच्या हातानं संगीताच्या ओटीत घातली. "मायी झाली, आता तुई." संगीता ती रोज घालत नसे, पण लग्नाकार्यात आणि तिजेच्या सणाला हमखास घालायची. भाऊ रोशनच्या लग्नाला निघताना तिनं पेटी उघडली, तर टोपली नाही. संगीतानं असा हंबरडा फोडला की शेजारपाजार गोळा झाला.

टोपली कुठं गेली हे सोनीबाईला माहीत होतं. आदल्याच बाजारी तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या पालासमोर, रस्त्यापलीकडे, एका सोनाराचं दुकान आहे. त्या दुकानातून लखन बाहेर आला, रिकामा रुमाल झटकत. रुमाल तिचाच होता, त्यात ती टोपली बांधलेली असायची. लखननं मान वर केली आणि मायलेकांची नजरानजर झाली. तो ना हसला, ना दचकला. रुमाल खिशात कोंबून गर्दीत शिरला. ती दिवसभर मीठ मोजत राहिली, आणि घरी जाऊन कोणाला काही बोलली नाही. पोरगा आपण होऊन सांगेल, अशी तिला आशा होती. आई नावाच्या जातीला ही आशा असतेच, आणि ती बहुधा महागात पडते.

घरात माणसं तीन. संगीता आपलीच वस्तू चोरणार नाही. मग उरले दोघं. लखननं वेळ न दवडता सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकते जुन्या वस्तूत. याडीले इचारा." गोर बोलीत, म्हणजे लमाणांच्या भाषेत, आईला याडी म्हणतात. संगीतानं आधी मान हलवली, मग सासूकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिली.

तांड्याचा नायक नेमसिंग हा समजूतदार म्हातारा. देवळासमोरच्या पारावर माणसं जमली तेव्हा त्यानं विषय मोडायचा प्रयत्न केला. तिथलं बोलणं झालं गोर बोलीत, आपण आपल्या सोयीनं वऱ्हाडीत ऐकू.

"लखन, हे जुनं कायले उकरतं? पोलिसात रपट लिहून दे."

"घरची गोष्ट पोलिसात काहून नेऊ, नायक? याडीनं घेतलं नसन तं टाकू द्या तिले मीठ. मीठ तं तिच्याच घरचं हाय."

दोघंचौघं हसले. लखननं मात्र तिचं मीठ आणलं नव्हतं. किराणा दुकानातून पाकीट आणलं होतं, पांढरंशुभ्र, बारीक. दातानं पाकीट फोडून त्यानं ते पारावर ठेवलं, शेजारी तांब्या ठेवला, आणि मागे सरून हाताची घडी घालून उभा राहिला.

सोनीबाईनं मूठ भरली. ती निर्दोष होती. मीठ पाण्यात सोडायचं, दोन वाक्यं म्हणायची, आणि ताठ मानेनं घरी जायचं, एवढंच काम होतं. हात तांब्यावर गेला. तिनं लखनकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. पोरगा जराही घाबरला नव्हता. याडी मीठ टाकणार नाही, ही त्याची खात्री होती. तिच्या श्रद्धेवर त्यानं पैज लावली होती, आणि आजवरच्या पैजांत हीच एक त्याला नक्की जिंकता येणार होती.

मुठीतून काही दाणे तांब्याच्या काठावर पडले, तसा तिनं हात झटकन मागे घेतला आणि मूठ आपल्याच पदरात मोकळी केली.

"म्या घेतलं," ती म्हणाली.

नेमसिंगनं डोळे मिटून घेतले. त्याला खरं काय ते उमजलं असावं, पण कबुली आल्यावर तो तरी काय बोलणार? इथं गोष्ट मिटवायला हरकत नव्हती. लखननं मिटवली नाही.

"कोठी इकलं?"

हे तिनं ठरवलंच नव्हतं. "यवतमाळले."

"कोणत्या दुकानात?"

ती पदरातलं मीठ झटकू लागली.

"आन् पैसे?"

"खाल्ले."

"पाहा," लखन सगळ्यांकडे वळून म्हणाला, "काय माय भेटली मले."

त्यापेक्षाही तिला लागलं ते संगीताचं बोलणं. सून ओरडली नाही. हळूच म्हणाली, "मागतली असती तं म्या देली असती, याडी." सोनीबाईला वाटलं, आता हिच्या गळ्यात पडून खरं सांगावं. पण खरं सांगितलं की ही पोर मीठ टाकायला लावणार, आणि तेव्हा पाळी लखनची येणार.

नायकानं शिक्षा सांगितली नाही. गरजच पडली नाही. संध्याकाळी घरी गेली तर तिचं गाठोडं ओसरीवर ठेवलेलं होतं, नीट बांधून, कारण लखनला कधी नव्हे ती कामाची हौस आली होती.

बाजारात तिच्या शेजारी कौसल्याबाई वाळलेल्या मिरच्या विकते. दारव्ह्यात बौद्ध वस्तीत तिचं घर आहे. तिनं पुढच्या पडवीत जागा दिली, आणि सोनीबाईनं एका दुपारी तिला सगळं सांगितलं. एवढ्या माणसांतून एकीला तरी खरं कळलं. तांड्यानं मात्र तिच्याकडून मीठ घेणं बंद केलं. शपथेचं मीठ जिला टाकता आलं नाही, तिच्या हातचं मीठ जेवणात कोण घालणार? तांड्याच्या बाया समोरून जाताना पदर ओढून घेत, आणि "लूण" ही हाक तिच्या तोंडातून हळूहळू बंद झाली. गोंड, कोलाम, ट्रकवाले येत राहिले, म्हणून पोट चाललं.

लखन फिरकला नाही. ती दर बाजारी तांड्याकडून येणाऱ्या जिपांकडे बघायची. तो उतरायचा, तिच्याकडे पाठ करून चालू लागायचा.

मग एक दिवस तो थेट पालासमोर येऊन उभा राहिला. हाताला प्लास्टर होतं, गाडीवरून पडला होता. त्याआधी घरची म्हैस मेली होती, आणि संगीताला ताप येऊन गेला होता. पोराच्या तोंडावर राख फिरली होती. सोनीबाई उठू लागली.

"याडी, खरं सांग," तो म्हणाला. "मागून मीठ तं नाही टाकलं ना तू?"

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. पारावर बेफिकीर उभ्या राहिलेल्या लखनच्या पोटात इतके दिवस तेच मीठ होतं. तू कशी आहेस, कुठं झोपतेस, काय खातेस, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही. तरी तिच्या तोंडात "नाही" हाच शब्द आला होता. खरं तेच होतं. त्याच्याच जिवासाठी तिनं घर घालवलं होतं.

मागे जीपवाल्यानं हॉर्न वाजवला.

"बोल ना लवकर," लखन वैतागला. "जीप सुटून राह्यली."

सोनीबाईनं मान वर केली.

"टाकलं," ती म्हणाली.

लखन मिठाच्या गोणीवर मटकन बसला. जीप निघून गेली, त्याला कळलंही नाही. "उतरव, याडी. तुया पाया पडतो, उतरव." बाजार उठेपर्यंत तो तिथंच होता. सोनीबाई गिऱ्हाइकांना मीठ मोजून देत राहिली. तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या बाजारी तो भाकर आणि ठेचा बांधून घेऊन आला. त्याच्या पुढच्या बाजारी लाडू. आता दर आठवड्याला येतो, एका हातानं गोण्या ओढतो, ती जेवेपर्यंत शेजारी बसतो. टोपली आपण विकली, हे त्यानं तिच्याजवळ कबूल केलं. संगीताला सांगायची हिंमत त्याला अजून होत नाही, आणि सोनीबाईही त्याला सांगायला लावत नाही. त्याचं अन्न सुटलं आहे, गालफडं बसली आहेत. जाताना तो दर वेळी तेच विचारतो, "उतरवशीन ना?" ती म्हणते, "पाहू."

एकदा तो गेल्यावर कौसल्याबाईला राहवलं नाही. मिरच्यांचं पोतं बांधता बांधता ती चिडून म्हणाली, "काहून जाळून राह्यली वं त्या पोराले? सुकून काडी झाला. टाकलं नाही म्हणून एकडाव सांगून दे ना."

सोनीबाई तांड्याकडे जाणाऱ्या जिपेकडे बघत होती. लखन तिच्यात बसला होता, आणि मागे वळून तिच्याकडेच पाहत होता.

"सांगीन," ती म्हणाली. "पन सांगतलं तं पुढच्या बाजारी तो येईन काय?"